पोळ्याच्या एका दिवसावर धंदा उभा करू नका, आधीचे साठ दिवस विका



जनावरांच्या साजाचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "ताई, मी केस काढायचं मशीन घेतो. पोळ्याला, यात्रेला, प्रदर्शनाला लोकांची जनावरं तयार करून देतो. चालेल का हा धंदा?" काहींनी मशीनचे फोटो पाठवून "यातलं कोणतं घेऊ?" असंही विचारलंय.

धंदा चालेल. पण तुम्ही जसा विचार करताय तसा नाही चालणार. प्रदर्शनाच्या दिवशी जनावर चकाचक करून देणं हे या कामातलं सगळ्यात धावपळीचं आणि सगळ्यात जास्त जोखमीचं काम आहे. कमाई आहे ती त्याच्या आधीच्या दोन महिन्यांत. नाशिकमध्ये माझं दोर, घुंगरं, ब्रश आणि गोठ्याच्या सामानाचं दुकान आहे. गिऱ्हाईक काय मागतं, कशाला पैसे मोजतं आणि कशावरून भांडतं, हे काउंटरवरून रोज दिसतं. त्यावरून झालेलं माझं मत आज मांडतेय. पटलं नाही तर जरूर सांगा, पण आधी हिशोब नीट बघा.

मागणी आहे का? आहे!

बरेच जण म्हणतात, "आता ट्रॅक्टर आले, बैल राहिले कुठे?" आकडा बघितला तर त्यांचं म्हणणं खरंय. पशुगणनेनुसार महाराष्ट्रात २०१२ मध्ये गाय-बैल मिळून साधारण १ कोटी ५५ लाख होते. २०१९ मध्ये ते १ कोटी ३९ लाखांवर आले. पण धंदा करणाऱ्यानं या आकड्याकडे दुसऱ्या बाजूनंही बघावं. आज जो माणूस खिल्लार जोडी सांभाळतोय, तो नुसत्या नांगरासाठी सांभाळत नाहीये. त्याला हौस आहे, शर्यतीत पळवायचीय, प्रदर्शनात नंबर काढायचाय किंवा चांगल्या भावानं विकायचीय. असा माणूस जनावरावर खर्च करतो.

शर्यतींचंच बघा. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलगाडा शर्यती बंद झाल्या. डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. तेव्हापासून उन्हाळ्यातल्या यात्रांना पुन्हा रंग चढलाय.

आता वर्षाचं कॅलेंडर समोर ठेवा. आषाढात सातारा-सांगली-कोल्हापूरकडे बेंदूर. श्रावण अमावस्येला आपल्याकडे पोळा. दिवाळी पाडव्याला कोल्हापुरात म्हशी भादरून, शिंगं रंगवून, मोरपिसं आणि कवड्यांच्या माळा घालून रस्त्यावर आणतात. ते बघायला अख्खं शहर लोटतं. कार्तिकीला पंढरपूरचा जनावरांचा बाजार. मार्गशीर्षात पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा आणि नांदेड जिल्ह्यात माळेगावची खंडोबाची यात्रा, दोन्हीकडे जनावरांची मोठी उलाढाल. जानेवारीत बारामतीचं 'कृषिक'. आपल्या शेजारी अकोले तालुक्यातलं राजूर तर डांगी जनावरांच्या प्रदर्शनासाठीच ओळखलं जातं. माघ-फाल्गुनापासून वैशाखापर्यंत गावोगावच्या यात्रा. आणि उन्हाळा तोंडावर आला की म्हशी भादरायची आणि एचएफ गायींचे केस काढायची घाई.

म्हणजे हे काम एका सणाचं नाही, बारमाही आहे. मग अडचण कुठे येते?

सगळ्यांचा दिवस एकच असतो

पोळा सगळ्यांचा एकाच दिवशी असतो. प्रदर्शनाची नोंदणी सगळ्यांची एकाच सकाळी असते. तुम्हाला दहा गोठ्यांतून फोन येतील, पण हात दोनच आहेत. एका जनावराला धुणं, वाळवणं, शिंगं, साज मिळून दोन तास धरले, तरी पहाटे चारला उठून तुम्ही चार-पाच जनावरं करणार. बाकीच्यांना "दादा, जमणार नाही" म्हणणार. नाहीतर हो म्हणणार, घाईत कुठेतरी चामडीला चिरा पाडणार, आणि गावभर नाव होणार.

लग्नाचा मेकअप करणाऱ्या आपल्या मैत्रिणींकडे बघा. ज्या हुशार आहेत त्यांनी हे कधीच ओळखलंय. मुहूर्त ठरलेले, तारखा मोजक्या. म्हणून त्या लग्नाच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांचं पॅकेज विकतात. लग्नाच्या दिवशीचं काम हा त्या पॅकेजचा शेवटचा भाग असतो. जनावरांच्या तयारीतही हेच गणित लागू होतं.

चला, हिशोब करू. हे आकडे मी समजायला धरलेत. तुमच्या भागातले रेट वेगळे असतील, तुम्ही तुमचे टाका.

समजा एका गोठ्यावर चार जनावरं आहेत. प्रदर्शनाच्या दिवशी धुणं-सजवणं याचे तुम्ही जनावरामागे १,००० रुपये घेतले. जमा ४,०००. त्यातून पेट्रोल १५०, सामान जनावरामागे २५० प्रमाणे १,०००, मदतनीसाचे ६००. हातात राहिले २,२५०. छान वाटतं. पण असा दिवस हंगामात एकदाच येतो.

आता त्याच गोठ्याला साठ दिवसांत चार फेऱ्यांचं पॅकेज दिलं. जनावरामागे ३,५०० रुपये. जमा १४,०००. चार फेऱ्यांचं पेट्रोल ६००, मदतनीस २,४००, जनावरामागे ब्लेडची धार, तेल, जंतुनाशक आणि मशीनची झीज धरून ४००, म्हणजे १,६००. खर्च ४,६००. हातात ९,४००, म्हणजे एका फेरीला २,३५०.

दिवसाची कमाई जवळपास तेवढीच आहे. पण आता असे दिवस चार झाले, आणि त्यातल्या तीन दिवसांच्या तारखा तुम्ही ठरवणार. सोमवारी सिन्नर, मंगळवारी निफाड, बुधवारी दिंडोरी. प्रदर्शनाच्या सकाळी तुमचं काम फक्त शेवटचा हात फिरवायचं राहतं, त्यामुळे त्या दिवशीही जास्त गोठे झेपतात.

आणखी एक गोष्ट याच हिशोबातून दिसते. एकाच जनावराच्या गोठ्यावर हे पॅकेज घेतलं तर? ३,५०० जमा. पेट्रोल ६००, मदतनीस २,४००, सामान ४००. हातात राहतात १०० रुपये! म्हणून एकटी गाय असलेल्यांना सांगायचं, "वस्तीवरच्या अजून दोघा-तिघांना जोडा, एकाच दिवशी सगळ्यांचं करते." यात त्यांनाही फायदा, तुम्हालाही.

साठ दिवसांत नेमकं काय करायचं?

पॅकेज विकायचं तर त्यात दाखवण्यासारखं काम पाहिजे. कागदावर लिहून द्या.

पहिली फेरी, साधारण दोन महिने आधी. जनावर बघायचं. वय आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेलं, हे वहीत लिहायचं, कारण प्रदर्शनातले गट त्यावर पडतात. कानातला बारा अंकी बिल्ला आहे का बघायचं. गोचीड, खरूज, खुरं, वशिंडाजवळचे जुने घट्टे, सगळं टिपायचं. जंतनाशक, लस, औषध हे मात्र पशुवैद्यकाचं काम. आपण मालकाला आठवण करून द्यायची, सुई हातात घ्यायची नाही. आणि त्याच दिवशी माणसाच्या हातात कासरा देऊन जनावर चालवायला सुरुवात करायची. रिंगणात चार माणसं बघून बिथरणारं जनावर कितीही देखणं असो, परीक्षकाला ते नीट दिसतच नाही.

दुसरी फेरी, महिनाभर आधी. खुरं साळायची ती आता. खूर साळल्यावर कधी कधी जनावर चार-आठ दिवस जपून पाय टाकतं. हे काम आदल्या दिवशी केलं तर लंगडणारं जनावर घेऊन रिंगणात जावं लागेल. ज्यांच्याकडे जुना नालबंद आहे त्यांनी त्याला सोबत घ्या. त्याच्या हातात जी कला आहे ती मशीनच्या डब्यात येत नाही.

याच फेरीत मालकाला रोजच्या खराऱ्याची सवय लावा. रोज दहा मिनिटं खरारा, चांगला चारा, वेळेवर जंतनाशक, खनिज मिश्रण. अंगावरची चकाकी यातून येते. शेवटच्या दिवशी ओतलेल्या तेलावर फक्त मैदानातली धूळ बसते.

तिसरी फेरी, आठ-दहा दिवस आधी. केस काढायचे ते आता. म्हणजे मशीनच्या रेघा बुजायला वेळ मिळतो. जनावर आधी स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवायचं, कारण मातीनं ब्लेडची धार लगेच जाते. मशीन एकदम अंगाला लावायचं नाही. आधीचे काही दिवस मालकानं मशीन किंवा तसाच आवाज करणारं काहीतरी गोठ्यात नुसतं चालू ठेवायचं. सुरुवात खांदा आणि बरगडीवरून, डोकं आणि कास शेवटी. केसांच्या उलट्या दिशेनं, हलक्या हातानं. आणि दर थोड्या वेळानं ब्लेड आपल्या हाताच्या मागच्या बाजूला लावून बघायचं. आपल्याला चटका बसला तर तिलाही बसतोय. थांबायचं, तेल टाकायचं, गार होऊ द्यायचं.

चौथी फेरी, प्रदर्शनाचा दिवस. धुणं, पुसणं, शेपटीचा गोंडा विंचरणं, शिंगांना हात, आणि साज. झूल, घुंगरमाळ, बाशिंग, शेंब्या, गोंडे जे काय असेल ते. शर्यतीच्या किंवा प्रदर्शनाच्या नियमात साज चालत नसेल तर साधी म्होरकी आणि कासरा, तोही स्वच्छ.

प्रत्येक जनावराला मशीन लागत नाही

हे वाक्य मशीन विकणारा तुम्हाला सांगणार नाही. मी दुकानदार असून सांगतेय.

एचएफ गाईचे केस दाट असतात. उन्हाळ्याआधी ते काढले तर तिला उष्णता कमी जाचते. प्रदर्शनासाठी तिच्या डोक्याचे, मानेचे, पोटाचे आणि कासेचे केस बारीक करतात, कासेवरच्या शिरा दिसाव्यात म्हणून, आणि पाठीच्या कण्यावर थोडे ठेवून रेषा सरळ दाखवतात. पण तिच्या पांढऱ्या भागाखालची कातडी गुलाबी असते. केस काढल्यावर भर उन्हात बांधली तर ती भाजते. म्हणून सावलीची सोय नसेल तर काम घेऊ नका.

म्हशीला गाईपेक्षा घामग्रंथी कमी, त्यात काळी कातडी. भादरल्यावर उवा-गोचीड दिसतात, धुणं सोपं जातं. पण सावली आणि पाणी तिलाही हवंच.

खिल्लारचे केस मुळातच आखूड आणि चमकदार. तिथे मशीनचं काम जवळजवळ नाही. खरारा, आंघोळ आणि खुरं हेच खरं काम.

आणि आपली डांगी! इगतपुरी, त्र्यंबक, अकोले हा तिचा मुलूख. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यात ही जनावरं चरतात. तिच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यानं पावसाचं पाणी अंगात मुरत नाही. आता एखादा नवा पोरगा जाऊन कपडे धुवायच्या पावडरनं तिला घासघासून धुणार, अंग कोरडं पाडणार, आणि वरून चमक यावी म्हणून तेल चोपडणार. जे तिच्याकडे देवानं दिलेलं होतं तेच काढून टाकलं, आणि त्याचे पैसे घेतले! डांगीला साधं पाणी, मऊ ब्रश आणि खरारा पुरे.

म्हणून माझं म्हणणं असंय, की गिऱ्हाईकाला "तुमच्या जनावराला याची गरज नाही" असं सांगायची ताकद ठेवा. त्या दिवशी तुमचे पाचशे रुपये जातील. पण तो माणूस बाजारात चार जणांना सांगेल, "या पोरानं मला उगाच खर्चात पाडलं नाही."

लपवायचं काम घेऊ नका

आता मुद्दा येतो तो कळीचा. हा धंदा सुरू केल्यावर सहा महिन्यांत तुमच्याकडे कोणीतरी येईल आणि म्हणेल, "जरा असं करून द्या की वय कळू नये."

कसं करतात हे बाजारात सगळ्यांना माहीत आहे. गाईच्या शिंगांवरची वळी बघून वयाचा अंदाज बांधतात, म्हणून शिंगं घासून वळी घालवतात. कास भरलेली दिसावी म्हणून दूध न काढता तुंबवून ठेवतात. पांढऱ्या अंगावरचा डाग रंगानं झाकतात. यातल्या तुंबवण्यानं तर गाईला कासदाह होऊ शकतो, आणि घेणाऱ्याच्या गोठ्यात गेल्यावर एक सड कायमचा जाऊ शकतो.

इथे नीतिमत्ता आहेच. जनावराला त्रास देणं १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. पण मी धंद्याच्या भाषेतही सांगते. विकणारा तुमचं गिऱ्हाईक आहे, तसा घेणाराही तुमचंच गिऱ्हाईक आहे. आज घोटीच्या नाहीतर मालेगावच्या बाजारात ज्यानं ती गाय घेतली, त्याला पुढच्या वर्षी तिची तयारी करून घ्यायचीय. त्याला जेव्हा कळेल की सहा वर्षांची म्हणून घेतलेली गाय दहा वर्षांची निघाली, तेव्हा तो पहिल्यांदा विचारेल, "शिंगं कोणी साळली होती?" बाजारात हे नाव कळायला दोन दिवस लागतात.

जगात दुसरीकडे काय झालं तेही बघा. अमेरिकेत प्रदर्शनासाठी जनावर तयार करून देणं हा पूर्ण वेळचा व्यवसाय आहे. तिथे केस वाढवून, फुगवून, चिकट फवारे मारून पाय जाड आणि पाठ सपाट दाखवण्यापर्यंत मजल गेली. टेक्सासातल्या काही मोठ्या प्रदर्शनांत खोंडांसाठी नियमच आहे, की अंगावरचे केस पाव इंचापेक्षा जास्त नकोत. केसांची करामतच नको, परीक्षकाला खालचं अंग दिसू दे. म्हणजे ज्यांची कमाई केसांच्या करामतीवर होती, त्यांचं काम नियमाच्या एका ओळीनं कमी झालं. ज्यांना चालवणं, खुरं, अंग धरणं जमत होतं त्यांना फरक पडला नाही. आपल्याकडेही नियम कधीही कडक होऊ शकतात, तेव्हा तुमची कमाई कशावर उभी आहे हे आजच ठरवा.

शिंगांबद्दल वेगळं सांगते. शिंग म्हणजे लाकडाचा खुंटा नाही. वरच्या कवचाच्या आत हाड असतं, रक्त असतं. जास्त तासलं तर रक्त येतं, जखम चिघळते. आपण वरचा खडबडीतपणा घालवायचा, तेवढंच. खोलवर काम असेल तर पशुवैद्यकच. आणि तेलरंग, वॉर्निश नकोत, जनावरं एकमेकांना चाटतात. माझ्या दुकानातही दरवर्षी कोणीतरी विचारतं, "ताई, तो चकाकणारा डबा द्या की." मी बेगड दाखवते. काही जण नाराज होऊन दुसरीकडे जातात. जाऊ देत.

एका ब्लेडवर अख्खा धंदा बुडू शकतो

लम्पी आठवतोय ना? ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातून बातमी आली आणि सप्टेंबरमध्ये राज्यात जनावरांचे बाजार, शर्यती, यात्रा, प्रदर्शनं बंद झाली. ज्यांचं पोट फक्त त्या दिवसांवर होतं, त्यांचा हंगाम कोरडा गेला.

यातून दोन गोष्टी शिका. पहिली, एका हंगामाचा घरखर्च निघेल एवढी गंगाजळी बाजूला काढल्याशिवाय मोठं मशीन, गाडी यात पैसे अडकवू नका. साथीच्या दिवसांत या गोठ्यातून त्या गोठ्यात फिरणाऱ्यानंही घरीच बसलं पाहिजे, पॅकेज असलं तरी.

दुसरी, तुम्ही गोठ्यागोठ्यानं फिरणारा माणूस आहात, म्हणजे रोगही तुमच्याबरोबर फिरू शकतो. लम्पी माश्या, डास, गोचिडांमुळे पसरतो. गजकर्ण तर ब्लेडवरून एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातं आणि माणसालाही होतं. प्रत्येक जनावरानंतर ब्लेड साफ करून जंतुनाशकात घालायचं. प्रत्येक गोठ्यानंतर बूट धुवायचे, कपडे बदलायचे. अंगावर गाठी, ताप, चट्टे दिसले तर काम थांबवायचं आणि मालकाला १९६२ नंबरवर फोन लावून पशुवैद्यकाला बोलवायला सांगायचं. हे सगळं मालकासमोर करा. तुम्ही ब्लेड धुताना त्यानं एकदा बघितलं, की तुमचा रेट शेजारच्यापेक्षा दोनशेनं जास्त का, हे समजावून सांगावं लागत नाही.

"पण ताई, शेतकरी पैसे देत नाही!"

हे वाक्य मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं. मी सहमत नाही.

पोळ्याच्या आधी माझ्या काउंटरवर उभे राहून बघा. स्वतःसाठी चप्पल घेताना दहा रुपयांसाठी घासाघीस करणारे मामा बैलासाठी घुंगरमाळ घेताना भाव विचारत नाहीत, वाजवून बघतात. मुद्दा पैशाचा नसतो. मुद्दा असतो, "हे तर आम्ही घरीच करतो" हा. आणि ते बरोबर आहे! खांदेमळणीच्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावायची ती घरच्यांनीच. पोळ्याला पुरणपोळीचा घास भरवायचा तो घरच्या लक्ष्मीनंच. त्यात आपण शिरायचं नाही आणि त्याचे पैसेही मागायचे नाहीत. तिथे मशीनवाला लागत नाही.

लोक पैसे कशाला देतात? जे घरी जमत नाही त्याला. खुरं साळणं, मशीननं केस काढणं, जनावराला चालायला शिकवणं, प्रदर्शनाच्या गटात नोंदणी नीट करणं. एवढंच विका. आणि रेट एकदम साठ दिवसांचा सांगू नका. माणूस घाबरतो. "पहिली फेरी पाचशे रुपये, जनावर बघून लिहून देते. पुढचं तुम्ही ठरवा" असं म्हणा. त्या कागदावर जे सापडतं, तेच पुढचं काम मिळवून देतं.

हाताखाली शिकायला तयार असलेली पोरं ठेवा. एका माणसानं जनावर धरायचं आणि दुसऱ्यानं काम करायचं, हे एकट्यानं करण्यासारखं काम नाही. लाथ बसली तर वर्षभर घरी.

मग सुरुवात कुठून?

मशीन विकत घ्यायच्या आधी एक हंगाम कोणाच्या तरी हाताखाली काढा. नालबंद, म्हशी भादरणारा, मोठ्या डेअरीवरचा जुना गडी, कोणीही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र नाशिकमध्येच आहे. तिथे पशुपालनाची प्रशिक्षणं कधी आहेत ते विचारा. राजूरला, पुसेगावला नुसतं बघायला जा. रिंगणाच्या कडेला उभं राहून परीक्षक कुठे हात लावतो ते बघा. तो साजाला हात लावत नाही, पायाला, पाठीला, वशिंडाला, कासेला लावतो.

मग पाच गोठे निवडा, आणि प्रत्येकी एका जनावराची पहिली फेरी पाचशेत करा. पाचातल्या तिघांनी दुसऱ्या फेरीला बोलावलं, तर मशीन घ्या. मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं, उद्यम नोंदणी फुकट होते. पण कर्जाचा फॉर्म भरायच्या आधी त्या तीन गोठ्यांची नावं तुमच्या वहीत असू देत. तिघांपैकी कोणीच परत बोलावलं नाही, तर वीस हजारांचं मशीन घेऊन चौथा बोलावणार नाही.

एक काम आजच करा. तुमच्या गावापासून वीस किलोमीटरच्या आत चारपेक्षा जास्त जनावरं असलेले गोठे किती, त्यातले प्रदर्शनाला, शर्यतीला किंवा मोठ्या बाजाराला कोण जातं, याची यादी करा. यादी दहाच्या वर गेली तर मला कळवा. पुढच्या व्हिडिओत अशाच एका यादीवरून वर्षाचा हिशोब मांडू. आणि यादी चारवरच थांबली, तर मशीनवर वीस हजार खर्च करायच्या आधी ते कळलं, हेही कमी नाही.

भेटू पुढच्या आठवड्यात. जनावरांना जपा, हाताला जपा!